बुजरी घोडी कळपात येते तेव्हा

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या माळरानावरून पकडून आणलेली तरणी घोडी नव्या मालकाच्या आवारात उतरते, तेव्हा सगळ्यात आधी ती कुंपण तपासते. एका कडेने धावत जाते, कोपऱ्यात वळते, पुन्हा धावते. मग माणसापासून सर्वांत लांबचा कोपरा धरून उभी राहते. मान ताठ, नाकपुड्या फेंदारलेल्या, एक कान माणसाकडे आणि दुसरा पलीकडच्या रस्त्याकडे. समोर लसूणघासाचा भारा पडलेला असतो, पण माणूस तिथून हलेपर्यंत ती त्याला तोंड लावत नाही. तिच्या मानेवर डाव्या बाजूला पांढऱ्या खुणांची एक ओळ दिसते. द्रव नायट्रोजनने गार केलेल्या ठशाने सरकारने उमटवलेला तो तिचा कायमचा क्रमांक.

माळावर मोकळ्या वाढलेल्या या घोड्यांना मस्टँग म्हणतात. वेल्मा जॉन्स्टन या नेवाडातल्या बाईंनी त्यांच्या कत्तलीविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला आणि 1971 मध्ये अमेरिकी संसदेने त्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. तेव्हापासून त्यांची जबाबदारी मुख्यतः ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याकडे आहे. मार्च 2024 च्या सरकारी अंदाजानुसार माळांवर घोडे आणि गाढवे मिळून 73,000 हून अधिक जनावरे होती, आणि ही जमीन जेवढी पोसू शकेल असे सरकार मानते ती संख्या 26,000 च्याही आत आहे. म्हणून दरवर्षी काही कळप हाकून आणले जातात आणि त्यांतले घोडे लोकांना दत्तक दिले जातात. दत्तक घेणाऱ्याकडे निदान 400 चौरस फुटांचे आवार लागते. दीड वर्षावरच्या, माणसाची सवय नसलेल्या घोड्यासाठी कुंपण सहा फूट उंच हवे, आणि काटेरी तार चालत नाही. वर्षभर नीट सांभाळ केल्यावरच जनावर कायद्याने त्या माणसाचे होते.

अशा एका दीड-दोन वर्षांच्या घोडीला माणसाळवण्यापासून तिला नव्या कळपात रुळवण्यापर्यंतचा प्रवास या प्रकरणात पाहायचा आहे. मस्टँगचे उदाहरण घेण्याचे कारण असे की गोठ्यात जन्मलेल्या शिंगराला माणसाची थोडीफार ओळख असतेच. इथे मात्र पाटी कोरी असते आणि त्यामुळे घोडा मुळात कसा शिकतो ते स्वच्छ दिसते.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. मस्टँग वाघ-कोल्ह्यांसारखा रानटी नाही. उत्तर अमेरिकेतले मूळचे घोडे हजारो वर्षांपूर्वीच नामशेष झाले होते. 1519 मध्ये एर्नान कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला तो सोळा घोडे घेऊन. स्पॅनिश लोकांचे असे सुटलेले, पळालेले, चोरीला गेलेले घोडे आणि नंतरच्या वसाहतवाल्यांनी सोडून दिलेले घोडे हे मस्टँगांचे पूर्वज. म्हणजे पाळीव वंशाचे जनावर पुन्हा माळावर गेले, एवढेच. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या मोठ्या अभ्यासाने आजच्या पाळीव घोड्यांचे मूळ व्होल्गा आणि डॉन या नद्यांच्या खालच्या खोऱ्यात, सुमारे 4,200 वर्षांपूर्वीच्या काळात शोधले. त्या पहिल्या पैदासकारांनी कोणते घोडे निवडले याची खूण दोन जनुकांजवळ ठळक दिसते. एकाचा संबंध पाठीच्या मजबुतीशी असावा, दुसऱ्याचा भीती आणि बुजरेपणाशी. पाठ बळकट आणि मन जरा निवांत, असे घोडे माणसाने उचलले. कोपऱ्यात थरथरत उभ्या असलेल्या आपल्या घोडीच्या अंगातही तोच वारसा आहे, म्हणून तिच्याशी सूत जुळू शकते.

मग ती एवढी घाबरते का? कारण तिचे सगळे शरीर पळण्यासाठी घडलेले आहे. घोड्याचे डोळे जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत सर्वांत मोठ्या डोळ्यांपैकी आहेत आणि डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ 350 अंशांचा परिसर दिसतो. दिसत नाहीत त्या दोनच जागा. एक थेट शेपटीमागची, दुसरी कपाळाच्या अगदी पुढची आणि नाकाखालची. आता नवखा माणूस काय करतो? समोरून सरळ चालत येतो, डोळ्याला डोळा भिडवतो आणि पहिला हात कपाळावर ठेवायला जातो. नजर रोखून सरळ रेषेत येणे ही शिकारी जनावराची चाल, आणि हात नेमका जिथे दिसत नाही तिथे येतो. घोडी बुजते. माणूस म्हणतो, खट्याळ आहे. माझ्या मते घोड्यांच्या वाट्याला आलेला निम्मा मार या एका गैरसमजातून आला आहे.

रंग तिला निळे-पिवळे नीट कळतात, लाल-हिरव्यातला फरक फारसा कळत नाही. कान मात्र स्वतंत्रपणे फिरतात आणि माणसाला ऐकू न येणारे तीव्र स्वरही टिपतात. कातडी एवढी जागी की माशी बसली तरी तेवढाच भाग थरथरतो. दुसऱ्याच्या शरीराची हालचाल वाचण्यात तर घोड्याची बरोबरी करणे कठीण. बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्हेल्म फॉन ओस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा गणिते सोडवतो म्हणून गाजला होता. उत्तर तो खूर आपटून द्यायचा. 1907 मध्ये ऑस्कर फुंगस्ट या अभ्यासकाने दाखवून दिले की घोड्याला गणित येत नव्हते. टापांचा आकडा बरोबर उत्तराशी आला की प्रश्न विचारणाऱ्याच्या मानेत, चेहऱ्यात नकळत सूक्ष्म बदल होई आणि हान्स तेवढ्यावरून थांबे. लोकांना वाटले घोड्याचे बिंग फुटले. पण विचारणाऱ्याला स्वतःलाही न जाणवणारी हालचाल घोडा वाचत होता, हे गणितापेक्षा कमी थोर नाही. आवारात शिरणाऱ्या माणसाचा आखडलेला खांदा आणि रोखलेला श्वास कोपऱ्यातली घोडी अशीच वाचत असते.

पश्चिम अमेरिकेत गुराख्यांची जुनी पद्धत अशी: घोडा खांबाला आवळायचा, एक पाय वर बांधायचा, गोणपाट अंगावर आपटत राहायचे, मग खोगीर चढवून तो उधळून-उधळून थकेपर्यंत बसून राहायचे. चार-पाच दिवसांत घोडा कामाला लागे. इंग्लंडमध्ये 1858 साली जॉन रेरी या अमेरिकी माणसाने क्रूझर नावाचा भयंकर मारका घोडा काही तासांत शांत करून दाखवला आणि त्याचे कौतुक राणी व्हिक्टोरियापर्यंत पोहोचले. रेरी चाबूक वापरत नसे, हे त्या काळी मोठेच पाऊल होते. पण त्याचाही मुख्य उपाय पट्ट्यांनी पाय बांधून घोड्याला जमिनीवर आडवे पाडणे हाच होता. पळायला जागाच उरली नाही की पळणारे जनावर झुंजणे सोडून देते. बाहेरून ते शांत दिसते. 1967 नंतर मानसशास्त्रात मार्टिन सेलिगमन यांच्या प्रयोगांतून या अवस्थेची चर्चा सुरू झाली: काहीही केले तरी सुटका नाही असे कळलेला प्राणी प्रयत्नच सोडतो. असा घोडा वर्षभर गुमान वागून एखाद्या दिवशी अचानक फुटतो आणि स्वाराला समजत नाही की झाले काय.

याहून शहाणी वाट फार जुनी आहे. इ.स.पूर्व चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफन याने घोड्यांवर लिहिलेल्या पुस्तकात सांगितले आहे की शिंगरू शिकवणाऱ्याच्या हाती देण्याआधीच ते माणसाच्या ओढीचे झालेले असावे. त्याची युक्ती साधी होती. भूक, तहान आणि माश्यांचा त्रास शिंगराला एकटेपणात भोगायला लागावा, आणि चारा, पाणी, माश्यांपासून सुटका माणसासोबत मिळावी. घोड्याला जिथे हात फिरवलेला आवडतो तिथेच हात फिरवावा, हेही त्याने सांगून ठेवले आहे. विसाव्या शतकात ओरेगनचा टॉम डोरन्स आणि त्याचा शिष्य रे हंट या गुरे राखणाऱ्या माणसांनी हाच धागा पुन्हा उचलला. घोडा काय करतोय याच्या आधी घोड्याला काय वाटतेय ते बघा, एवढे त्यांच्या शिकवणीचे सार.

आता आवारात परत जाऊ.

शिकवणारा आत येतो तो घोडीच्या दिशेने येतच नाही. तिरक्या वाटेने, तिच्या खांद्याच्या रोखाने, नजर जमिनीकडे ठेवून दोन पावले टाकतो. घोडी मान वर करते. तो तिथेच थांबतो. घोडीचा एक कान त्याच्याकडे वळतो, मग एक डोळा. त्या क्षणी तो मागे वळतो आणि लांब जातो. बघणाऱ्याला वाटेल, काही घडलेच नाही. खरे तर सगळे शिक्षण त्या माघारी वळण्यात आहे. माणूस जवळ येणे हा घोडीवरचा दाब, आणि तो दूर होणे ही सुटका. दाब कधी सुटला याची नोंद घोडा ठेवतो. ती पळाली आणि माणूस थांबला, तर पळण्याने सुटका होते हे ती शिकेल. ती थांबली, वळून पाहिले आणि माणूस मागे हटला, तर थांबून पाहिल्याने सुटका होते हे शिकेल. मध्ये दोन-तीन सेकंदांचा उशीर झाला तरी भलत्याच गोष्टीशी गाठ बसते. हुशार शिकवणारा आणि साधा शिकवणारा यांच्यात बहुधा एवढाच फरक असतो, वेळेचा.

असे करता करता अंतर कमी होते. कधी पहिल्याच दिवशी, कधी तीन आठवड्यांनी घोडी पुढे केलेल्या हाताचा वास घेते. मूठ सैल, बोटे आत, हाताची पालथी बाजू तिच्या नाकाच्या उंचीला. तिची मान लांब होते, पाय मात्र मागेच रोवलेले, उलट उडी घ्यायला तयार. मिशीचे केस हाताला लागतात. गरम श्वास येतो, आणि फुरफुर होते. इथे हात पुढे करण्याचा मोह सगळ्यांना होतो. जाणता माणूस हात मागे घेतो. पुढच्या खेपेला घोडीच अर्धे पाऊल जास्त पुढे येते.

पहिला स्पर्श तोंडाला नाही, मानेच्या मुळाशी. तिथे, खांद्याच्या उंचवट्याजवळ, घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात. फ्रान्समधल्या कामार्ग भागातील घोड्यांवर 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसांनी नेमके या जागी खाजवून पाहिले, तर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावले. अंगावर दुसरीकडे खाजवले तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. थोपटण्याला घोड्यांच्या भाषेत काही अर्थ नाही, खाजवण्याला आहे. योग्य जागा सापडली की घोडीचा वरचा ओठ हळूहळू लांब होतो, थरथरायला लागतो, मान वाकडी होते. कधी ती उलट वळून माणसाचा खांदाही खाजवू पाहते. तिच्या दृष्टीने हा परतफेडीचा व्यवहार आहे. मारू नये, हलकेच तोंड बाजूला सारावे, कारण तिचे दात कापडाच्या आतपर्यंत पोहोचतात. अगदी जवळ जाऊ न देणाऱ्या घोडीला काही जण आधी लांब बांबूच्या टोकाने मानेला आणि पाठीला स्पर्श करतात. स्पर्श तिला मान्य झाला की बांबूवरचा हात पुढे पुढे सरकवत आणतात.

मग म्होरकी. आधी नुसता दोर मानेवर टाकायचा आणि काढायचा, मग म्होरकी नाकावर चढवून लगेच उतरवायची, मग बांधायची. घोडीला खांबाला बांधण्याची घाई घातक. दोर ताणला की त्या दिशेने मान द्यायची असते, हे डावीकडे आणि उजवीकडे पक्के शिकलेले नसेल तर बांधलेली घोडी सगळ्या ताकदीने मागे ओढते आणि मान दुखावून घेते. डाव्या बाजूने जे जे शिकवले ते उजव्या बाजूने पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागते, हे प्रत्येक अनुभवी माणूस सांगेल. पाय उचलून देणे हा सर्वांत मोठा विश्वास. पळण्यावर जगणारे जनावर आपले एक चाक दुसऱ्याच्या हातात देते आहे, हे लक्षात ठेवून खूर उचलावा आणि ती ओढून घ्यायच्या आधी स्वतःहून खाली ठेवावा.

प्लास्टिकच्या पिशव्या, छत्री, पाण्याचा पाइप, ट्रॅक्टर या गोष्टींची भीती घालवायला काही जण त्या घोडीवर एकदमच लादतात. डेन्मार्कमध्ये दोन वर्षांच्या 27 घोड्यांवर केलेला एक प्रयोग 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. फडफडणाऱ्या पांढऱ्या नायलॉनच्या पिशवीची सवय काहींना थेट करवली, काहींना चाऱ्याची जोड देऊन, आणि काहींना टप्प्याटप्प्याने. टप्प्याटप्प्याने शिकलेले घोडे सर्वांत कमी बुजले आणि त्यांच्यापैकी एकही मागे राहिला नाही. हळू जाणाराच लवकर पोहोचला.

खोगिराचा विचार एवढ्यात नको. दीड-दोन वर्षांच्या घोडीची हाडे अजून वाढत असतात. पाठीच्या मणक्यांची वाढ तर पाच-सहा वर्षांपर्यंत पुरी होत नाही.

कार्सन सिटी इथल्या नेवाडाच्या तुरुंगात अशा मस्टँगांना माणसाळवण्याचे काम कैद्यांनी वर्षानुवर्षे केले. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी आधी घोड्याला हातही लावलेला नसायचा. काही महिन्यांनी तेच घोडे खोगीर चढवलेले लिलावात उभे राहायचे. ताकद आणि धमकीवर जगलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कळायचे की इथे दोन्ही चालत नाहीत. मला हा उपक्रम घोड्यांइतकाच माणसांसाठी मोलाचा वाटतो.

इथवर माणसाने जे केले ते खरे तर त्याने घोड्यांकडूनच उसने घेतलेले आहे. कळपात थोरली घोडी चाऱ्यावर असते. तरणी जवळ येते. थोरली कान मागे टाकते. तेवढ्याने तरणी हलली नाही तर मान पुढे काढते, मग दात दाखवते, मग मागचा पाय उचलते. तरणीने एक पाऊल मागे घेतले की त्याच क्षणी थोरलीचे कान पूर्ववत होतात. राग मागे उरत नाही. दाब हळूहळू वाढवणे आणि ऐकताक्षणी पूर्ण सोडणे, हे काम थोरल्या घोडीइतके अचूक कुठल्याही माणसाला जमत नाही. म्हणूनच घोडी माणसाळली की शिक्षण संपले असे मानणाऱ्यांशी माझे पटत नाही. तिचे उरलेले शिक्षण कळपात व्हायचे असते आणि ते टाळले तर माणसाने केलेले कामही कच्चे राहते. डेन्मार्कमध्येच 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकेकटे वाढवलेले आणि गटात वाढवलेले तरुण घोडे शिकवून पाहिले. गटातले लवकर शिकले. एकट्याने वाढलेले शिकवणाऱ्याला जास्त वेळा चावले. दुसऱ्याच्या अंगावर किती जावे याची समज त्यांना कोणी दिलीच नव्हती.

कळपाविषयी एक ठाम समजूत आहे की नर घोडा हा राजा आणि बाकी त्याची प्रजा. माळावरचा कळप नीट पाहिला तर चित्र वेगळे दिसते. काही घोड्या, त्यांची पिले आणि बहुतेक वेळा एक नर. नर बदलतात, घोड्यांची आपसातली सोबत वर्षानुवर्षे टिकते. न्यूझीलंडच्या कैमानावा डोंगराळ भागातील मोकळ्या घोड्यांच्या अभ्यासातून 2009 मध्ये एक सुंदर गोष्ट पुढे आली: ज्या घोड्यांची आपल्या कळपातल्या इतर घोड्यांशी मैत्री घट्ट, त्यांना शिंगरे जास्त झाली आणि ती जास्त जगली. या मैत्रिणी एकमेकींच्या नात्यातल्या नव्हत्या. एकमेकींशेजारी उभे राहणे आणि अंग खाजवणे यातून जमलेली ही मैत्री होती.

तरणी घोडी साधारण दोन वर्षांची झाली की आपला जन्माचा कळप सोडून परक्या कळपात जाते, हा निसर्गक्रमच आहे. म्हणजे आपण तिला नव्या कळपात सोडतो तेव्हा तिच्या स्वभावाविरुद्ध काही करत नाही. फरक जागेचा आहे. माळावर ती दिवसभर लांबून मागे मागे फिरते, पिटाळले तर अर्धा किलोमीटर पळते, पुन्हा येते. कुंपणाच्या आत पळायला जागा संपते आणि कोपरा येतो. कळपात घालताना होणारे बहुतेक अपघात दुष्टपणामुळे नाही, कोपऱ्यामुळे होतात.

म्हणून आधी काही आठवडे वेगळे ठेवणे. घशाच्या गाठी पिकवणारा स्ट्रँगल्ससारखा रोग नाकाला नाक लागले तरी पसरतो. या काळात तिला इतर घोडे लांबून दिसतील अशी व्यवस्था असावी, नाहीतर वेगळे ठेवणे म्हणजे एकांतवास होतो. त्यानंतर शेजारशेजारची आवारे, मध्ये भक्कम आणि सहज दिसणारे कुंपण. पहिली भेट या कुंपणावरून होते. दोघी माना कमानीसारख्या वाकवून येतात, नाकपुड्यांना नाकपुड्या लावतात, श्वास घेतात. दोन-चार सेकंद सगळे स्तब्ध. मग एकीच्या घशातून तीक्ष्ण किंचाळी निघते, पुढचा पाय जमिनीवर आपटतो, दोघी मागे उसळतात. आणि लगेच पुन्हा नाकाला नाक. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या छातीत धस्स होते, पण ही ओळख करून घेण्याची रीत आहे. स्वीडनमध्ये केलेल्या एका अभ्यासात (2009) अनोळखी घोड्यांना आधी असे शेजारी ठेवून मग एकत्र सोडले, तेव्हा चावाचावी कमी झाली.

कळपात सगळ्यांच्या मध्ये तिला एकदम सोडू नये. कुंपणावरच्या भेटींत तिच्याजवळ जी घोडी निवांत चरते, ती हेरावी आणि आधी या दोघींनाच एकत्र मोठ्या कुरणात सोडावे. शांत, वयाने थोर, कोणाला उगीच न पिटाळणारी घोडी असेल तर सोन्याहून पिवळे. शांत सोबती जवळ असला की नवखा घोडा भीतीदायक वस्तूपुढेही कमी बुजतो, हे प्रयोगांत दिसले आहे. या दोघींची जोडी जमली की तिसरी, मग चौथी. नवी घोडी कळपात येते ती एका मैत्रिणीसोबत, आणि पहिल्या दिवसाचा धक्का अर्धा होतो.

एकत्र सोडण्याच्या दिवशी काही साध्या गोष्टी सांभाळायच्या. सगळ्यांचे मागचे नाल काढलेले असावेत, कारण नाल ठोकलेल्या पायाची लाथ हाड मोडते. म्होरकी काढून टाकावी, ती फांदीत किंवा दुसऱ्याच्या खुरात अडकते. आधी सगळ्यांची पोटे भरलेली असावीत. चाऱ्याचे ढीग घोड्यांच्या संख्येपेक्षा एक-दोन जास्त आणि एकमेकांपासून लांब टाकावेत. पाण्याची जागा कोपऱ्यात नसावी. नवीन घोडीला कुरणाचे कुंपण आधी पायी फिरवून दाखवलेले असावे, म्हणजे पळताना ती तारेत घुसणार नाही. चंदीचे दाणे मात्र या दिवशी कोणालाच नको. दाण्याच्या घमेल्यावरून जेवढी भांडणे होतात तेवढी चाऱ्यावरून होत नाहीत.

मग दूर उभे राहून बघायचे. पहिला अर्धा तास पळापळ, शेपट्या उंच, मातीचे लोट. कान पाडणे, किंचाळणे, हवेतल्या लाथा, एखादा ओरखडा, यात पडायचे कारण नाही. नवी घोडी तोंड पुढे करून, ओठ मागे ओढून जबडा उघडझाप करू लागली तर ते शिंगरांचे आर्जव असते: मी लहान आहे, मारू नका. थोरल्या घोड्या बहुतेकदा ते मानतात. मध्ये पडायचे ते दोन वेळा. एखादी घोडी नवीला सलग कोपऱ्यात कोंडून लाथा झाडत असेल, किंवा नवीला तासन् तास चाऱ्यापाण्याजवळ येऊच देत नसेल तर. तेव्हाही नवीला बाहेर काढण्यापेक्षा त्या दांडगीला काही दिवस वेगळे ठेवणे बरे. परत आली की तीच तिथे नवखी असते.

पहिले काही दिवस नवी घोडी कळपाच्या कडेला चरताना दिसते. कडा आणि कळप यातले अंतर दिवसागणिक कमी होते. मग कोणाशी तरी शेपटीकडे तोंड करून उभी राहू लागते, म्हणजे दोघींच्या तोंडावरच्या माश्या दोघींच्या शेपट्या वारतात. तरीही ती पूर्ण रुळली हे मी एकाच खुणेवरून मानतो. घोडा उभ्या उभ्या डुलक्या घेतो, पण गाढ झोप त्याला आडवे झाल्याशिवाय मिळत नाही, आणि कोणीतरी जागे उभे असल्याचा भरवसा नसेल तर तो आडवा होत नाही. नवी घोडी कुरणात कुशीवर पडून झोपली आहे आणि शेजारी दुसरी उभी आहे, हे दिसले की काम झाले.

माणसाशी जुळलेले सूत या धामधुमीत थोडे सैल होते. कळपात गेल्यावर आठवडाभर ती हाक मारल्यावर येत नाही, आली तरी लांब थांबते. वाईट वाटून घेऊ नये आणि पाठलागही करू नये. कुरणात जाऊन मानेच्या मुळाशी खाजवून निघून यावे, म्होरकी न चढवता. माणूस आला की आपल्याला मैत्रिणींपासून तोडून नेतो, ही गाठ एकदा बसली की सोडवणे फार अवघड. तिला बाहेर काढण्याची सुरुवातही मैत्रिणीसोबतच करावी, आणि एकटीने बाहेर नेण्याचे अंतर थोडे थोडे वाढवावे.

हे सगळे नेवाडाचे झाले, पण आपल्याकडच्या घोड्यांना हाच नियम लागू आहे. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. देशभरातून आलेल्या तरण्या घोड्या तिथून हौशी मालकांच्या फार्महाऊसवर, शेतावर, लग्नाच्या कामाला जातात. बऱ्याच वेळा एकच घोडी घेतली जाते आणि अगाडी-पिछाडी बांधून एकटी उभी केली जाते. चारा उत्तम, खरारा रोज, अंगावर झूल भरजरी, पण वर्षानुवर्षे दुसरा घोडा दृष्टीस नाही. मग ती लाकूड चावू लागते, एकाच जागी डुलत राहते, लाथ मारते, आणि मालक म्हणतो जनावर खोडीचे निघाले.

सारंगखेड्याला किंवा आणखी कुठे घोडी घ्यायला निघाला असाल तर घेण्याआधी ग्लँडर्सची रक्ततपासणी झाली आहे का ते विचारा. हा रोग 2006 मध्ये महाराष्ट्रात आढळला होता आणि तो माणसालाही होतो. घरी आणल्यावर पहिले काही आठवडे तिच्यावर बसू नका. आणि एकच घोडी सांभाळण्याइतकी ऐपत किंवा जागा असेल तर ज्यांच्याकडे आधीच घोडे आहेत अशा शेजाऱ्याशी बोला, दोघांची जनावरे एकत्र चरतील अशी सोय करा. तेही जमणार नसेल, तर घोडी घेऊ नका.